जुन्या बंगल्याला जोडलेली वाढीव खोली: विसार देण्याआधी तिचा पाया कसा तपासायचा?

घरशोध

नाशिकमधला बंगला बघतो आहोत. मूळ बांधकाम १९८८ चं, विटांच्या भारवाही भिंती, खाली दगडी जोतं. २००९ मध्ये मागच्या बाजूला चार आरसीसी कॉलमवर १२ × १४ फुटांची खोली वाढवली. तिची १४ फुटांची बाजू जुन्या भिंतीला लागून आहे. २०१४ मध्ये त्याच कॉलमवर आणखी एक खोली चढवली. जमीन काळी.

जुनी आणि नवी भिंत मिळते तिथे खालपासून वरपर्यंत एक उभी भेग आहे. खालच्या खोलीत जमिनीजवळ केसाएवढी, वरच्या खोलीत छताजवळ ८-९ मिमी. विक्रेते म्हणतात, ‘सांध्याची भेग आहे, पुट्टी भरली की संपलं.’ मंजूर नकाशात फक्त मूळ बंगला दिसतो. विसार अजून दिलेला नाही. काय काय बघावं आणि कोणत्या क्रमाने?

ओळंबा

भेगेचं वर्णन नीट दिलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यावर भेग पडते हे खरं. नवी भिंत जुनीत दात सोडून बांधलेली नसेल तर ती येतेच. पण अशा भेगेची रुंदी वर-खाली साधारण सारखी असते, १-२ मिमी, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ती थांबते. तुमची भेग वर जाताना रुंदावते आहे. म्हणजे नवा भाग जुन्यापासून बाहेर कलतो आहे, आणि कलण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे बाहेरच्या बाजूचे दोन कॉलम खचणं.

खात्री करायला यंत्र लागत नाही.

पहिलं, ओळंबा. गच्चीच्या कठड्यावरून नव्या भागाच्या बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांवर सोडा. वारा असेल तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, तो स्थिर होतो. दोरीपासून भिंतीचं अंतर दर ३ फुटांवर मोजा. प्लास्टर जाड-पातळ असतं, त्यामुळे एका मापावर जाऊ नका. सगळी मापं एकाच दिशेने वाढत गेली पाहिजेत.

दुसरं, लेव्हल पाईप. गवंड्याकडची पारदर्शक नळी, पाणी भरून, आत एकही बुडबुडा नाही हे बघून. फरशीवर माप घेऊ नका. फरशी मुळातच उताराने बसवलेली असू शकते, पुन्हा बसवलेलीही असू शकते. माप घ्यायचं ते बीमच्या तळावर किंवा खिडक्यांच्या लिंटलच्या (खिडकीवरच्या आडव्या पट्टीच्या) तळावर, कारण ते शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) वेळी पाणसळीत केलेलं असतं. जुन्या भिंतीजवळचं टोक आणि बाहेरचं टोक यांतला फरक काढा. १२ फूट म्हणजे ३६६० मिमी. अंतराच्या ३०० व्या भागाएवढा फरक आला की भिंतींना तडे जाऊ लागतात असं धरतात, म्हणजे तुमच्याकडे १२ मिमी. पाच-सहा मिमी फरक कारागिराच्या हातचाही असू शकतो.

तिसरं, खिडक्यांचे कोपरे. बाहेरच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणाऱ्या भेगा आहेत का? दारं-खिडक्या घासतात का? नुकतीच रंधा मारलेली चौकट, एकाच भिंतीचा ताजा रंग, सांध्यावर नवी पट्टी किंवा पीओपी, हे मोबाइलवर टिपून ठेवा.

मुरूम

ओळंबा यांनी वरचं सांगितलं, मी मातीचं सांगतो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी घेऊन फुगतं, वाळलं की आकसतं. जमिनीचा वरचा थर दर पावसाळ्यात उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात बसतो. त्या थरात टेकलेलं फुटिंगही (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया) त्याच्याबरोबर हलतं. मूळ बंगला १९८८ पासून उभा आहे, म्हणजे त्याचा दगडी पाया बहुधा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलेला आहे. वाढीव खोलीच्या वेळी मात्र ‘एकच तर खोली आहे’ म्हणून तीन फुटांवर खोदाई थांबवण्याचा मोह फार होतो. मग अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्या मातीवर. एक अर्धं हलतं, दुसरं हलत नाही, आणि सांधा उघडतो.

भेग कधी उघडते हे शेजाऱ्यांना विचारा. मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक होत असेल तर माती हलते आहे. ऋतू कोणताही असो, ती वाढतच असेल तर फुटिंगवर भार जास्त आहे किंवा खाली भराव आहे. दोन्ही एकत्रही असतं.

माती किती फुगते हे कळायला प्रयोगशाळेत ‘फ्री स्वेल’ चाचणी होते (भारतीय मानक २७२०, भाग ४०). ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिच्या दोन मोजपात्रांत टाकतात. एकात रॉकेल, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी. हलवून हवा काढतात आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा तिथे १० मिलि आणि पाण्यात १८ मिलि आली, तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की उथळ पाया चालत नाही असं समजून पुढचा विचार करायचा.

अजून एक. नव्या खोलीच्या आसपास पाणी कुठे मुरतं ते शोधा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, बाहेरचा नळ, गच्चीची पन्हाळी सुटते ती जागा, फुटका चेंबर. मागच्या अंगणातच जुना शोषखड्डा असतो आणि वाढीव खोली अनेकदा नेमकी त्याच्यावर येते. १९८८ च्या नकाशात सेप्टिक टँक कुठे दाखवला आहे ते बघा. आणि झाडं: उंबर, पिंपळ, निलगिरी भिंतीजवळ असतील तर त्या कोपऱ्याची माती उन्हाळ्यात जास्त वाळते आणि तोच कोपरा खचतो.

कागदीघोडा

कागदांतून पायाची खोली कळणार नाही, पण काय नाही ते कळेल. वाढीव बांधकामाची परवानगी आणि त्यासोबतचं आरसीसी ड्रॉइंग मागा. २००९ चं ड्रॉइंग असेल तर त्यात फुटिंगचं कोष्टक असतं: लांबी-रुंदी, जाडी, सळया आणि किती मजले धरले आहेत. २०१४ ची परवानगी वेगळी हवी. दोन्ही नसतील तर नवा भाग कोणी गणित करून उभा केला असं गृहीत धरू नका.

घरपट्टीत वाढीव क्षेत्र लागलं आहे म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. घरपट्टीच्या उताऱ्यांचा उपयोग एकच, क्षेत्र कोणत्या वर्षी वाढलं ते समजतं आणि विक्रेत्यांनी सांगितलेल्या सालाशी ताडून बघता येतं. बाजूची-मागची मोकळी जागा राज्याच्या सध्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत (२०२०) बसते का हे परवानाधारक आर्किटेक्टकडून तपासा. बसत नसेल तर पाया उत्तम असला तरी ती खोली पाडण्याची नोटीस कधीही येऊ शकते. बँकेचा मूल्यांकनकारही बहुधा मंजूर क्षेत्रच धरेल.

घरशोध

मापं घेतली. बीमचा तळ बाहेरच्या टोकाला १४ मिमी खाली आहे, दोन्ही कोपऱ्यांवर जवळपास सारखा. ओळंब्यातही वर बाहेर झुकाव दिसतो. पण १४ मिमी खचलं असेल तर भेग आणखी रुंद नको का? की मोजण्यात चूक आहे?

ओळंबा

चूक नाही. १२ फुटांत १४ मिमी म्हणजे २६० ला १, मर्यादेच्या पलीकडे. या हिशेबाने एकट्या खालच्या मजल्याच्या १० फूट उंचीतच सांधा छताजवळ सुमारे १२ मिमी उघडायला हवा होता. तो तेवढा दिसत नाही याचा अर्थ तो अधूनमधून भरलेला आहे. वरची खोली २०१४ ची, म्हणजे तिच्या सांध्यात फक्त २०१४ नंतरचं हलणं दिसतं. त्या ८-९ मिमीवरून २०१४ नंतर बाहेरची बाजू अजून पाचेक मिमी खाली गेली आहे. बाकीचं आधीचं, त्यात थोडं शटरिंगचंही असेल. म्हणजे वरची खोली चढवली तेव्हाही खालचा भाग बहुधा स्थिर नव्हता.

आता अंदाज पुरे. खड्डा घ्या.

आरसीसी_रिंग

खड्ड्याआधी रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याची उसळी मोजणारी हातोडी) लावून घ्या ना, खोदाखोदी न करता कॉलमची ताकद कळेल.

ओळंबा

हॅमर पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, तोही अंदाजाने. मानकातच ±२५ टक्के अचूकता दिली आहे. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामामुळे) टणक झालेला असतो आणि आकडा फसवा चांगला येतो. मुख्य म्हणजे फुटिंग किती मोठं आणि कशावर टेकलं आहे, हे कॉलमवर हातोडी मारून कळणार नाही. कॉलमची तपासणी जरूर करा, पण खड्डा उघडा असतानाच, जमिनीखालच्या भागावर. गंज आधी तिथे लागतो.

घरशोध

विक्रेते खड्ड्याला तयार होतील का? आणि खड्डा घेतल्याने पायाला धोका नाही ना?

गवंडीकाम

तयार करायचं असतं. विसार पावतीत सरळ अट घाला: खरेदीदाराच्या खर्चाने, त्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली एक तपासणी खड्डा घेतला जाईल, तो पूर्ववत बुजवला जाईल, आणि अहवाल समाधानकारक नसल्यास विसार पूर्ण परत मिळेल. खड्ड्याला ठाम नकार आला तर तेही उत्तरच समजा.

खड्डा असा घ्या. बाहेरच्या दोन कॉलमपैकी जो जास्त खचला आहे किंवा जिथे पाणी मुरतं तो निवडा. खोलीच्या बाहेरून, कॉलमला लागून, ३ × ३ फूट. एका वेळी एकच. भिंतीच्या लांबीने चर मारू नका. पावसाळ्यात किंवा पाऊस पडून गेल्यावर आठवडाभर नको, काळी माती ओली असताना बाजू ढासळतात. चार फुटांच्या खाली जायचं असेल तर फळ्या आणि आडवे टेकू लावल्याशिवाय माणूस आत उतरवू नका. जेसीबी अजिबात नको, फावडं-टिकावच. फुटिंगची कड दिसली की तिच्या तळापर्यंत जा आणि थांबा. तळाखाली खोदणं म्हणजे उभ्या कॉलमखालची जमीन काढणं.

तळाखाली काय आहे ते बघायला खड्ड्याच्या दूरच्या बाजूला, फुटिंगपासून हातभर लांब, ४ इंची हँड ऑगर (हाताने फिरवायचा माती काढणारा गिरमिट) फिरवा. दर ६ इंचांना निघालेली माती वेगळ्या पिशवीत ठेवून खोली लिहा. ऑगर नसेल तर १२ मिमीची सळई टोक करून ठोका. काळ्या मातीत ती रुतत जाते, मुरमाला लागली की आवाज बदलतो.

खड्ड्यात हे टिपा. जमिनीपासून फुटिंगच्या तळापर्यंत खोली. दोन कडा उघड्या करून फुटिंगची रुंदी. कडेची जाडी, १५० मिमीपेक्षा कमी असेल तर ते मानकाप्रमाणे फुटिंगच नव्हे. खाली पीसीसीचा (बिनसळईच्या काँक्रीटचा) थर आहे की थेट मातीवर ओतलं आहे. कॉलम फुटिंगच्या मध्यावर आहे की कडेला. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारा आडवा बीम) चारही बाजूंनी बंद आहे का. जुन्या घराच्या बाजूला तो जुन्या दगडी जोत्यावर नुसता टेकवून सोडलेला असतो. कॉलमचा कोपरा छिन्नीने थोडा उघडून सळई बघा: चार १२ मिमी ही किमान, रिंगा (सळयांना बांधून ठेवणारी कडी) किती अंतरावर, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) ४० मिमी आहे का. उघडलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून सळईचं रक्षण करतं. सळईपर्यंत रंग आलाच नाही तर गंजाला वाट मोकळी आहे.

रत्नांग्रीकर

थोडं अवांतर, पण कोकणात घर बघणाऱ्यांच्या उपयोगाचं. आमच्याकडे काळी माती नाही, पण उतार आहे. घरामागची वाढीव पडवी किंवा खोली भरावावर उभी असते आणि भराव नुसत्या चिऱ्यांच्या किंवा दगडी बांधाने धरलेला असतो. तिथे खोलीपेक्षा बांध आधी तपासा. पोट बाहेर आलं आहे का, पाणी जायला भोकं आहेत का, पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी येतं का. जांभ्यावर पाया आहे म्हटल्याने निश्चिंत होऊ नका. कातळाचा थर काही ठिकाणी पातळ असतो आणि खाली मऊ चिकण माती लागते. सळई ठोकून एकाच जागी कठीण लागलं म्हणजे सगळीकडे लागेल असं नाही.

सातासमुद्रा

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी याच प्रश्नाचं तिथलं रूप. डेकवर भिंती आणि छप्पर घालून केलेली सनरूम. खांब आणि काँक्रीटचे पिअर (खांबांखालचे जमिनीतले पाये) डेकसाठीचे असतात, खोलीसाठीचे नसतात. पिअरचा तळ गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या) खाली हवा; मिनिआपोलिसच्या परिसरात ती ४२ इंच धरतात, मिनेसोटाच्या उत्तरेला ६०. तयार ठोकळे जमिनीवर ठेवून त्यावर खांब उभे केले असतील तर दर हिवाळ्यात खोली उचलली जाते. काळ्या मातीसारखंच, फक्त ऋतू उलटा. खांबाशेजारी खोदून तळ बघणं आणि परमिटवरचं फुटिंग तपासणीचं शेरापत्र मागणं, दोन्ही करा.

घरशोध

इंजिनिअरांच्या समोर खड्डा झाला. मापं:

फुटिंग ३ × ३ फूट, जाडी ९ इंच, कॉलम मध्यावर. तळ जमिनीपासून ३ फुटांवर. पीसीसी ३ इंच. तळाखाली काळी माती, ऑगरला मुरूम ५ फूट ३ इंचांवर लागला. जुन्या घराचा दगडी पाया खड्ड्यातून दिसत नाही. कॉलम ९ × १२ इंच, १२ मिमीच्या ६ सळया, रिंगा ८ इंचांवर. गुलाबी रंग चांगला आला. फ्री स्वेल ९० टक्के.

ओळंबा

काँक्रीट आणि सळया या दर्जाच्या कामात अपेक्षेपेक्षा बऱ्या आहेत. अडचण फक्त फुटिंगची आणि मातीची आहे. हिशेब मांडतो, म्हणजे तुम्हाला विक्रेत्यांसमोर ठेवता येईल.

९ इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, १० फूट उंच: धावत्या मीटरला साधारण १.४ टन. बाहेरच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर अर्धी १४ फुटी आणि अर्धी १२ फुटी भिंत येते, म्हणजे ३.९६ मीटर, ५.५ टन. स्लॅब, त्यावरची फरशी आणि वापराचा भार मिळून चौरस मीटरला सुमारे ६०० किलो, खोलीच्या १५.६ चौमीचा चौथा हिस्सा ३.९, म्हणजे २.३ टन. दारं-खिडक्यांची वजावट आणि बीम-कॉलमचं वजन एकमेकांना फिटतं. एका मजल्याचे ८ टन.

फुटिंगचं क्षेत्र ०.८४ चौमी. एक मजला असताना मातीवर चौरस मीटरला साडेनऊ टन. २००९ च्या मिस्त्रींनी बहुधा एवढंच धरलं होतं, आणि फुगणारी माती वगळली तर ते काठावर बसतं. दुसरा मजला चढल्यावर १९ टन. टणक मुरमावर २० टन सर्रास धरतात. काळ्या मातीवर १९ टन कोणीही सही करून देणार नाही. गच्चीवर १००० लिटरची टाकी याच कोपऱ्यात असेल तर अजून एक टन.

मुरूम

आणि तीन फुटांची खोली ओल-सुक्याच्या फेऱ्यात पूर्णपणे येते. अशा मातीत काळ्या थराची जाडी जास्त असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब) घेतात, किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा. रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली ती याच मातीसाठी. तुमच्याकडे मुरूम सव्वापाच फुटांवर आहे, त्यामुळे पाइलची गरज नव्हती. आणखी सव्वादोन फूट खोदलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

घरशोध

दुरुस्ती होते का? की सोडून द्यावं?

गवंडीकाम

होते, पण स्वस्तात आणि घाईत नाही. आधी वरची खोली उतरवणं सर्वांत शहाणपणाचं, विशेषतः तिला परवानगी नसताना. भार निम्मा झाला की खालचं काम सोपं होतं.

मग पाया मुरमापर्यंत नेणं. स्लॅब आणि बीमला लोखंडी प्रॉप (टेकू) लावून कॉलमचा भार काढायचा. फुटिंगच्या अर्ध्या भागाखाली मुरमापर्यंत खोदायचं, एम २० काँक्रीट भरायचं, वर ३ इंच फट सोडायची. काँक्रीट आकसून झालं की ती फट कोरड्या सिमेंट-वाळूच्या घट्ट मिश्रणाने ठोकून भरायची. ही फट न ठोकता थेट फुटिंगपर्यंत काँक्रीट ओतलं तर ते आकसतं, वर बारीक पोकळी राहते आणि फुटिंग पुन्हा तेवढं खाली येतं. किमान सात दिवसांनी उरलेला अर्धा. एका वेळी एकच कॉलम. ४ × ४ फुटांचा ठोकळा धरला तर कॉलममागे ३६ घनफूट, म्हणजे एक घनमीटर. चार कॉलमना चार. काँक्रीट थोडंच आहे, पैसा जातो तो प्रॉप, हातखोदाई आणि देखरेखीत.

जुन्या घराला लागून असलेले दोन कॉलम जास्त नाजूक. तिथे आधी लहान खड्डा घेऊन जुन्या दगडी पायाचा तळ कुठे आहे ते पक्कं करा. त्याच्या तळाखाली खोदायची वेळ आली तर काम थांबवून इंजिनिअरांना बोलवा.

हे झाल्यावर खोलीभोवती ५-६ फूट रुंद फरसबंदी, बाहेर उतार, भिंतीच्या सांध्यात बिटुमेन. पन्हाळीचं पाणी पाइपाने त्याच्या पलीकडे सोडा. सांधा पुट्टीने भरू नका. दोन्ही बाजू सरळ कापून लवचीक सीलंट भरा आणि वरून पट्टी लावा.

कागदीघोडा

व्यवहारात दोन आकडे वेगळे मांडा: मंजूर बंगल्याची किंमत, आणि वाढीव भागाची किंमत वजा दुरुस्तीचा खर्च. वरची खोली विक्रेत्यांनी उतरवून द्यावी असं साठेखतात मुदतीसह लिहून घ्या. खरेदीखत झाल्यावर महापालिकेची नोटीस आणि पाडकाम दोन्ही तुमच्या गळ्यात.

घरशोध

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेते वरची खोली उतरवायला तयार आहेत, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करण्यावर बोलणी चालू आहेत. खड्डा अजून उघडा आहे, तोपर्यंत तसाच ठेवू का?

गवंडीकाम

नाही, आजच बुजवा. उघड्या खड्ड्यात फुटिंगखालची माती वाळते किंवा पाऊस आला तर भिजते, दोन्ही वाईट. निघालेली काळी माती परत टाकू नका. चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम आणा, ६ इंचांचे थर, हलकं पाणी आणि प्रत्येक थर धुम्मसने ठोकून घट्ट करा. ऑगरचं भोकही त्याच मुरमाने ठोकून भरा. वरचा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच उंच आणि बाहेर उताराचा ठेवा. बुजवण्याआधी फुटिंगच्या कडेचे टेप लावून फोटो काढा.

ओळंबा

आणि भेगेवर तीन जागी काचेच्या पट्ट्या चिकटवा: खालच्या खोलीच्या मध्यावर, खालच्या छताजवळ, वरच्या छताजवळ. मायक्रोस्कोपची स्लाइड चालेल. प्लास्टर खरवडून विटेवर, दोन्ही टोकांना इपॉक्सी, काचेवर तारीख. शेजारी भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळा ठोकून व्हर्नियरने अंतर लिहून ठेवा, दर पंधरा दिवसांनी. वरची खोली उतरवताना बाहेरच्या भिंतींपासून सुरुवात करा आणि राडारोडा खालच्या स्लॅबवर साठू देऊ नका. त्या दिवसांत खिळ्यांचं माप रोज घ्या. एका दिवसात अर्धा मिमी जरी सरकलं तरी काम थांबवून इंजिनिअरांना फोन करा.